दगड कुणाच्या नावाचा? नताशा ट्रेथवे यांची कविता आणि अमेरिकेची स्मृती

मेक्सिकोच्या आखातात, मिसिसिपी राज्यातल्या गल्फपोर्ट शहरापासून अकरा-बारा मैलांवर शिप आयलंड नावाचे वाळूचे एक लांबट बेट आहे. उन्हाळ्यात गल्फपोर्टहून बोटी भरभरून माणसे तिथे पोहायला जातात. बेटावर फोर्ट मॅसॅच्युसेट्स नावाचा विटांचा किल्ला आहे. अमेरिकेच्या यादवी युद्धात (१८६१–६५) हा किल्ला उत्तरेच्या युनियन सैन्याच्या ताब्यात होता आणि तिथे दक्षिणेचे, म्हणजे कॉन्फेडरसीचे, कैदी ठेवले जात. युद्ध संपून बराच काळ लोटल्यावर ‘युनायटेड डॉटर्स ऑफ द कॉन्फेडरसी’ या संस्थेने किल्ल्यावर एक धातूचा फलक बसवला. त्यावर कॉन्फेडरेट सैनिकांची नावे उठावात कोरलेली आहेत. पण त्या कैद्यांवर पहारा कोण देत होते, हे तो फलक सांगत नाही. पहारा देणारी पलटण कृष्णवर्णीयांची होती. तिच्यातले अनेक जण काही महिन्यांपूर्वीपर्यंत कुणाच्या तरी मालकीचे गुलाम होते. ज्यांच्यावर ते पहारा देत, ते कैदी याच गुलामीच्या रक्षणासाठी लढलेले होते. इतिहासात असा उलटा प्रसंग क्वचितच घडतो, आणि नेमका तोच दगडावर नोंदवायचा राहून गेला.

ही वगळलेली ओळ भरून काढण्याचे काम एका कवयित्रीने केले. नताशा ट्रेथवे यांच्या ‘नेटिव गार्ड’ या २००६ सालच्या संग्रहाला २००७ मध्ये कवितेचे पुलित्झर पारितोषिक मिळाले. पुढे २०१२ ते २०१४ अशी दोन वर्षे त्या अमेरिकेच्या राष्ट्रकवी, म्हणजे पोएट लॉरिएट, होत्या. एमरी विद्यापीठात आणि २०१७ पासून नॉर्थवेस्टर्न विद्यापीठात त्या प्राध्यापक म्हणून काम करत आल्या आहेत. मानसन्मानांची ही यादी लांबवता येईल, पण या लेखाचा प्रश्न वेगळा आहे. ज्याची नोंदच झाली नाही त्याचा इतिहास कसा लिहायचा, आणि त्या कामात कवितेला काय जमते, काय जमत नाही? ट्रेथवे यांचे आयुष्य आणि लेखन या प्रश्नाभोवतीच उभे आहे.

बेकायदा जन्म

नताशाचा जन्म २६ एप्रिल १९६६ रोजी गल्फपोर्टमध्ये झाला. मिसिसिपीत हा दिवस ‘कॉन्फेडरेट मेमोरियल डे’ म्हणून पाळला जाई. युद्धात हरलेल्या दक्षिणेने आपल्या मृत सैनिकांच्या कबरींवर फुले वाहण्याची प्रथा १८६६ मध्ये सुरू केली होती. म्हणजे या मुलीच्या जन्माच्या वर्षी त्या प्रथेची शताब्दी होती. आई ग्वेंडोलिन ही गल्फपोर्टची कृष्णवर्णीय मुलगी, तर वडील एरिक ट्रेथवे हे कॅनडातल्या नोव्हा स्कॉशियाचे गोरे. कृष्णवर्णीयांसाठी स्थापन झालेल्या केंटकी स्टेट कॉलेजमध्ये दोघांची ओळख झाली. केंटकीत आणि मिसिसिपीत असा विवाह हा गुन्हा होता, म्हणून १९६५ साली दोघांनी नदीपलीकडच्या ओहायो राज्यात, सिनसिनाटीला जाऊन लग्न केले आणि नंतर ते मिसिसिपीत परतले.

या कायद्याचा इतिहास थोडा मागे जाऊन पाहिला पाहिजे. मिसिसिपीची १८९० ची राज्यघटना दोन गोष्टींसाठी कुप्रसिद्ध आहे. मतदानासाठी कर आणि घटनेचे कलम वाचून त्याचा अर्थ सांगण्याची अट घालून तिने कृष्णवर्णीयांना मतदारयादीतून जवळपास पुसून टाकले. आणि तिच्या २६३ व्या कलमाने गोऱ्या-काळ्यांचे विवाह अवैध ठरवले. त्या कलमानुसार ज्याच्या अंगात एक अष्टमांश किंवा त्याहून जास्त ‘निग्रो रक्त’ आहे तो काळा. पुढे १२ जून १९६७ रोजी ‘लव्हिंग विरुद्ध व्हर्जिनिया’ या खटल्यात अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने असे सगळे कायदे रद्द केले. तेव्हा नताशा तेरा महिन्यांची होती. मिसिसिपीने मात्र आपल्या घटनेतले ते कलम मतदान घेऊन काढले ते १९८७ साली, वीस वर्षांनी. ट्रेथवे यांनी सांगितले आहे की त्यांच्या जन्मदाखल्यावर आईच्या वंशापुढे ‘कलर्ड’ आणि वडिलांच्या वंशापुढे ‘कॅनेडियन’ असे लिहिले होते. कारकुनाने संकट टाळण्यासाठी वंशाच्या रकान्यात देश लिहिला असावा. सरकारी दप्तर खोटे कसे बोलते, याचा पहिला धडा या मुलीला आपल्याच जन्माच्या कागदावर मिळाला.

आजीचे घर उत्तर गल्फपोर्टात चर्चच्या समोर होते. त्या अंगणात एकदा जळता क्रूस उभा केला गेला. ही कु क्लक्स क्लॅनची जुनी खूण. मतदार नोंदणीला मदत करणाऱ्या चर्चसाठी तो इशारा होता की या मिश्र कुटुंबासाठी, हे घरातल्यांना कधी नक्की कळले नाही. पुढे ट्रेथवे यांनी या घटनेवर ‘पान्टूम’ या प्रकारात कविता लिहिली. या प्रकारात ओळी फिरून फिरून परत येतात. दर वर्षी तीच गोष्ट पुन्हा सांगणारे घर त्या आकृतिबंधात नेमके बसले.

आईचा मृत्यू

नताशा सहा वर्षांची असताना आईवडील वेगळे झाले. ग्वेंडोलिन मुलीला घेऊन अटलांटाला गेली, तिथे तिने समाजकार्यात पदव्युत्तर शिक्षण घेतले आणि दुसरे लग्न केले. व्हिएतनाम युद्धातून परतलेला हा दुसरा नवरा तिला मारहाण करत असे. अखेर तिने घटस्फोट घेतला. १९८४ मध्ये त्याने तिच्या खुनाचा प्रयत्न केला, त्याला कैद झाली. बाहेर आल्यावर त्याने पुन्हा धमक्या सुरू केल्या. ग्वेंडोलिनने पोलिसांना सहकार्य केले, त्याच्याशी झालेली फोनवरची संभाषणे ध्वनिमुद्रित करू दिली. ५ जून १९८५ रोजी त्याने तिला गोळ्या घालून ठार मारले. ती चाळीस वर्षांची होती. मुलगी एकोणीस वर्षांची, जॉर्जिया विद्यापीठात शिकणारी.

आई जिथे मारली गेली ती वसाहत अटलांटातल्या मेमोरियल ड्राइव्ह या रस्त्यावर होती. शहराच्या मध्यातून निघालेला हा रस्ता पूर्वेला स्टोन माउंटन या ग्रॅनाइटच्या प्रचंड डोंगराकडे जातो. त्या डोंगराच्या कड्यावर कॉन्फेडरसीचा अध्यक्ष जेफरसन डेव्हिस आणि सेनापती रॉबर्ट ली व स्टोनवॉल जॅक्सन यांच्या घोड्यांवरच्या आकृती कोरलेल्या आहेत. याच डोंगरावर १९१५ साली क्लॅनची पुनर्स्थापना झाली होती, आणि हे कोरीवकाम पुरे झाले ते १९७२ मध्ये. ग्वेंडोलिन मुलीसह अटलांटात आली ते हेच वर्ष. ज्या बाजूने गुलामगिरीसाठी युद्ध केले, तिचे पुढारी डोंगराएवढे. आणि त्याच रस्त्यावर मरण पावलेल्या एका कृष्णवर्णीय स्त्रीच्या कबरीवर कितीतरी वर्षे साधा दगडही नव्हता. मारेकऱ्याचे आडनाव त्या दगडावर कोरायचे नाही एवढे मुलीला ठाऊक होते. मग कोणते नाव कोरायचे, हा प्रश्न सुटत नव्हता.

विद्यापीठातली कवी

जॉर्जिया विद्यापीठातून १९८९ मध्ये पदवी घेतल्यावर ट्रेथवे यांनी व्हर्जिनियातल्या हॉलिन्सला १९९१ मध्ये एम. ए. केले. तिथे वडील एरिक, जे स्वतः कवी होते, शिकवत असत. १९९५ मध्ये त्यांनी मॅसॅच्युसेट्स विद्यापीठाच्या अ‍ॅमहर्स्ट शाखेतून कवितेची एम. एफ. ए. ही पदवी मिळवली. मराठी वाचकाला ‘कवितेची पदवी’ हे शब्द थोडे चमत्कारिक वाटतील. पण १९३० च्या दशकात आयोवा विद्यापीठाने सर्जनशील लेखनाचा अभ्यासक्रम सुरू केल्यापासून अमेरिकेत कवीचे उपजीविकेचे ठिकाण हळूहळू विद्यापीठ हेच होत गेले. आज तिथला नावाजलेला कवी बहुधा कुठेतरी प्राध्यापक असतो. या व्यवस्थेवर टीकाही खूप होते: सगळ्यांची कविता एका साच्याची होते, कवी समाजापासून तुटतो, वगैरे. ट्रेथवे यांच्याबाबत मात्र विद्यापीठाचा एक वेगळाच उपयोग झाला. ग्रंथालय, अभिलेखागार, जुनी छायाचित्रे, सैनिकी नोंदी ही त्यांची कार्यशाळा बनली.

त्यांचा पहिला संग्रह ‘डोमेस्टिक वर्क’ २००० साली आला. कृष्णवर्णीय कवींसाठी १९९६ मध्ये स्थापन झालेल्या ‘केव्ह केनेम’ या संस्थेच्या पहिल्याच पारितोषिकासाठी रिटा डव यांनी त्याची निवड केली होती. आजीची घरकामे, शिवणकाम, पडद्यांच्या कारखान्यातली नोकरी हा त्यातल्या मोठ्या भागाचा विषय. दुसरा संग्रह ‘बेलॉक्स ऑफिलिया’ (२००२) एका छायाचित्रकारामुळे जन्माला आला. अर्नेस्ट बेलॉक याने १९१२ च्या सुमारास न्यू ऑर्लिन्सच्या स्टोरीव्हिल या कायदेशीर वेश्यावस्तीतल्या स्त्रियांची छायाचित्रे काढली होती. त्याच्या मृत्यूनंतर काचेच्या त्या निगेटिव्ह सापडल्या आणि ली फ्रीडलँडर याने त्यांच्या प्रती काढल्या. १९७० मध्ये न्यूयॉर्कच्या आधुनिक कलेच्या संग्रहालयात त्या प्रदर्शित झाल्या. छायाचित्रांतल्या स्त्रियांची नावे मात्र कुठेच नाहीत. ट्रेथवे यांनी त्यांच्यातल्या एकीला ऑफिलिया हे नाव दिले, गोरी दिसणारी पण मिश्र वंशाची स्त्री कल्पिली आणि तिची पत्रे व रोजनिशी लिहिली. कॅमेऱ्यापुढे बसलेली स्त्री शेवटी चौकटीबाहेर पाऊल टाकते. पुढच्या सगळ्या लेखनाची पद्धत इथे ठरली: खरा कागद किंवा खरे चित्र समोर ठेवायचे, त्यात कोण बोलत नाही ते शोधायचे.

नेटिव गार्डची हकिगत

शिप आयलंडवर ट्रेथवे लहानपणापासून अनेकदा गेल्या होत्या, पण तिथल्या काळ्या पलटणीबद्दल ना शाळेत ऐकले होते, ना बेटावरच्या वाटाड्यांकडून. त्यांनी मुलाखतींत सांगितल्याप्रमाणे, गल्फपोर्टच्या एका उपाहारगृहात आजीशी बोलत असताना शेजारच्या टेबलावरच्या एका अनोळखी बाईने हे बोलणे ऐकून, ‘तुम्हाला त्या सैनिकांबद्दलही माहीत असायला हवे’ अशा अर्थाचे काही सांगितले. तिथून शोध सुरू झाला.

ही हकिगत अशी. १८६१ मध्ये न्यू ऑर्लिन्समधल्या स्वतंत्र कृष्णवर्णीयांची एक पलटण ‘नेटिव गार्ड’ या नावाने उभी राहिली, आणि तीही कॉन्फेडरसीच्या बाजूने. तिला प्रत्यक्ष लढाईचे काम कुणी दिले नाही. १८६२ च्या एप्रिलमध्ये युनियनच्या आरमाराने शहर घेतले आणि सेनापती बेंजामिन बटलर याने माणसांची टंचाई भासू लागल्यावर त्याच नावाने नव्या पलटणी उभारल्या. पहिली पलटण २७ सप्टेंबर १८६२ रोजी युनियनच्या सेवेत दाखल झाली. युनियन सैन्यात अधिकृतपणे सामील झालेल्या अगदी पहिल्या कृष्णवर्णीय पलटणींपैकी ती एक. जुन्या गार्डमधले थोडेच लोक तिच्यात होते. भरणा होता तो मळ्यांतून पळून आलेल्या गुलामांचा. दुसऱ्या पलटणीतला मेजर फ्रान्सिस ड्युमास हा स्वतंत्र कृष्णवर्णीय असून गुलामांचा मालक होता. त्याने आपल्या गुलामांना मुक्त करून सैन्यात घेतले. इतिहास इतका गुंतागुंतीचा असतो, आणि ट्रेथवे यांनी ही गुंतागुंत झाकलेली नाही.

जानेवारी १८६३ मध्ये दुसरी पलटण शिप आयलंडवर पाठवली गेली. ९ एप्रिलला तिच्यातल्या काही तुकड्या समोरच्या किनाऱ्यावरील पास्कागूला गावावर चालून गेल्या आणि कॉन्फेडरेट घोडदळाशी लढल्या. माघारी येत असताना त्यांच्या मदतीला उभ्या असलेल्या युनियनच्याच ‘जॅक्सन’ या गनबोटीचा तोफगोळा त्यांच्यात येऊन पडला आणि काही सैनिक मेले. नेम चुकला की मनातला द्वेष बाहेर आला, हा प्रश्न तेव्हापासून विचारला जातो. त्याच वर्षी २७ मे रोजी पोर्ट हडसनच्या लढाईत पहिल्या आणि तिसऱ्या पलटणीने कॉन्फेडरेट तटबंदीवर वारंवार हल्ले केले. कॅप्टन आंद्रे काययू तिथे पडला. त्या सैनिकांचे मृतदेह जुलैत किल्ला शरण येईपर्यंत रणांगणावरच राहिले. जिवंतांची स्थितीही फारशी बरी नव्हती. गोऱ्या शिपायाला महिना १३ डॉलर मिळत. काळ्याला १० डॉलर, त्यातूनही ३ डॉलर कपड्यांसाठी कापून घेत. हा भेद दूर झाला जून १८६४ मध्ये. बटलरनंतर आलेल्या सेनापती बँक्स याने काळ्या अधिकाऱ्यांवर दबाव आणून त्यांना राजीनामे द्यायला लावले. युद्ध संपेपर्यंत सुमारे १ लाख ७९ हजार कृष्णवर्णीय युनियन सैन्यात लढले, म्हणजे त्या सैन्याचा जवळपास दहावा हिस्सा. तरीही त्यानंतरचे शतकभर अमेरिकेच्या लोकप्रिय कथनात गुलामांना ‘मुक्त केले गेले’. त्यांनी स्वतः लढून मुक्ती मिळवण्यात वाटा उचलला, हे कर्तरी वाक्य दुर्मीळच राहिले.

या घटनांवरील ट्रेथवे यांची ‘नेटिव गार्ड’ ही दीर्घ कविता दहा सुनीतांची माळ आहे. एका सुनीताची शेवटची ओळ थोड्याफार फरकाने पुढच्याची पहिली होते आणि शेवट पुन्हा आरंभाला येऊन मिळतो. बोलणारा आहे एक पूर्वीचा गुलाम, लिहिता-वाचता येणारा. अक्षरओळख नसलेल्या गोऱ्या कैद्यांची पत्रे तो लिहून देतो. स्वतःची रोजनिशी ठेवायला कोरा कागद नसल्याने एका कॉन्फेडरेटाच्या घरातून मिळालेल्या वहीत, आधीच्या लिखाणावर आडवे लिहितो. एकाच पानावर दोन हस्ताक्षरे, एकमेकांना छेदणारी: अमेरिकेच्या इतिहासाची याहून नेमकी प्रतिमा शोधणे अवघड आहे.

इथे इतिहासाच्या अभ्यासकाने एक शंका उपस्थित करायलाच हवी. हा रोजनिशीकार कल्पित आहे. दुसऱ्या पलटणीचा गोरा कर्नल नॅथन डॅनियल्स याची खरी रोजनिशी उपलब्ध आहे, ती १९९८ मध्ये प्रकाशितही झाली. पण तिचा लेखक कर्नल आहे. सामान्य काळ्या शिपायाचे मन त्यात सापडणार नाही. मग कवीने ते कल्पून लिहिणे म्हणजे एका खोट्या फलकाच्या जागी दुसरा मनःकल्पित फलक बसवणे नव्हे का? माझ्या मते ही शंका रास्त असली तरी ती इथे लागू पडत नाही, आणि त्याला दोन कारणे आहेत. पहिले म्हणजे कवितेतला पट नोंदींनी बांधलेला आहे. तारखा, गनबोट, पोर्ट हडसनचे बेवारस देह, वेतनातला भेद हे सारे पडताळून पाहता येते, आणि संग्रहाच्या शेवटी कवयित्रीने टिपाही दिल्या आहेत. दुसरे कारण अधिक महत्त्वाचे. फलक म्हणतो, ‘हे घडले, एवढेच घडले’. कविता असा दावा करत नाही. बोलणारा माणूस कल्पित आहे हे वाचकाला उघड दिसते, आणि म्हणूनच खरा माणूस दप्तरात का नाही, हा प्रश्न वाचकापुढे उभा राहतो. पोकळीची मापे घ्यायची, ती बुजवल्याचा आव आणायचा नाही, ही शिस्त त्यात आहे. जिथे ही शिस्त सुटते तिथे ऐतिहासिक कविता आणि ऐतिहासिक कादंबरी दोन्ही दंतकथेच्या कारखान्यात जमा होतात. मराठी वाचकाला याची उदाहरणे बाहेरून आणायची गरज नाही.

संग्रहाचा खरा घाव मात्र रचनेत आहे. पहिला भाग आईच्या मृत्यूचा, मधला भाग पलटणीचा, तिसरा मिसिसिपीतल्या बालपणाचा. पलटणीच्या विस्मृत कबरींचा शोध घेता घेता कवयित्रीला कळले की आपण आपल्याच आईच्या बिनदगडाच्या कबरीकडे चाललो आहोत. १९६९ च्या कमील वादळाने शिप आयलंडचे दोन तुकडे केले होते. तिथल्या मृतांच्या खुणा समुद्रात गेल्या. आईची खूण समुद्राने नेली नव्हती. ती कुणी केलीच नव्हती. राष्ट्राच्या विसराळूपणावर बोट ठेवणाऱ्या लेखिकेला स्वतःच्या विसराळूपणाचा हिशेब द्यावा लागतो, म्हणून या पुस्तकात कुठेही उपदेशाचा सूर लागत नाही. पुलित्झर जाहीर झाले तेव्हा ट्रेथवे चाळीस वर्षांच्या होत्या, आईच्या अखेरच्या वयाच्या.

आणखी एक गोष्ट मराठी रसिकाला विशेष वाटेल. आईवडिलांच्या बेकायदा विवाहावरची या संग्रहातली कविता गझल आहे, रदीफ ‘मिसिसिपी’. शेवटच्या शेरात मक्त्याच्या रिवाजाप्रमाणे कवयित्रीचे नावही येते. वडील टॉलस्टॉयची ‘वॉर अँड पीस’ वाचत असताना ते ठेवले गेले होते. इंग्रजीत गझलेच्या नावाने वाटेल ते लिहिले जात असताना काफिया-रदीफाचा आग्रह धरणारे काश्मीरचे कवी आगा शाहिद अली १९९० च्या दशकात अ‍ॅमहर्स्टलाच शिकवत होते. प्रत्येक शेराच्या शेवटी त्याच शब्दावर येऊन आपटणे, कुठूनही सुरुवात केली तरी ‘मिसिसिपी’ न सुटणे, हे ट्रेथवे यांच्या आशयाला गझलेइतके दुसऱ्या कुठल्या प्रकाराने दिले असते असे वाटत नाही.

कास्ता, जात आणि फुले

‘थ्रॉल’ (२०१२) या संग्रहात ट्रेथवे अमेरिकेच्या सीमेबाहेर जातात. अठराव्या शतकात स्पेनच्या ताब्यातल्या मेक्सिकोत ‘कास्ता चित्रे’ काढली जात. वडील एका वंशाचे, आई दुसऱ्या, मूल तिसऱ्या नावाचे: मेस्तिसो, मुलातो, आणि पुढे पुढे अधिकच विचित्र संज्ञा. प्रत्येक चित्रात एक कुटुंब, खाली वर्गवारीची चिठ्ठी. आईवडिलांच्या जन्मावरून मुलाची पायरी ठरवणारा हा तक्ता आपल्याला परका वाटू नये. ‘कास्ता’ हाच शब्द पोर्तुगीजांनी गोव्यात आणि किनाऱ्यावर आपल्या जातींना लावला आणि तिथून तो इंग्रजीत ‘कास्ट’ म्हणून गेला. त्याच संग्रहात गोऱ्या वडिलांबरोबर थॉमस जेफरसनच्या मॉन्टिसेलोला दिलेल्या भेटीवरची कविता आहे. स्वातंत्र्याचा जाहीरनामा लिहिणारा जेफरसन, आणि त्याच्या घरातली गुलाम सॅली हेमिंग्ज, जिची मुले त्याची होती. प्रेमळ, उदार बापाच्या नजरेतही हजारो वर्षांची नव्हे, पण काही शतकांची वर्गवारी शिल्लक असू शकते, हे लेक त्याच्या हयातीत लिहिते. एरिक ट्रेथवे २०१४ मध्ये वारले.

अमेरिकेतल्या या लढ्याशी महाराष्ट्राचा धागा जुना आहे. जोतीराव फुले यांनी १८७३ साली ‘गुलामगिरी’ हे पुस्तक अमेरिकेतल्या गुलामांना मुक्त करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना अर्पण केले. ते वर्ष लक्षात ठेवण्याजोगे आहे. मिसिसिपीत तेव्हा कृष्णवर्णीय मतदान करत होते. अमेरिकेच्या सिनेटमध्ये बसलेला पहिला कृष्णवर्णीय, हायरम रेव्हल्स, १८७० मध्ये याच राज्यातून निवडून गेला होता. फुल्यांची आशा वास्तवावर उभी होती. पण अवघ्या दोन वर्षांत, १८७५ च्या निवडणुकीत, उघड दहशतीने मिसिसिपीतली ही राजवट उलथवण्यात आली आणि मग १८९० ची घटना आली. मुक्ती एकदा मिळाली की टिकतेच असे नाही. तिची स्मृती पुसली की ती परत हिरावणे सोपे होते. कॉन्फेडरेट फलक, पुतळे, डोंगरावरची शिल्पे ही हरलेल्यांनी केलेली निरुपद्रवी शोकचिन्हे नव्हती. बहुतेक उभारली गेली ती मताधिकार काढून घेतल्यानंतरच्या काळात. हा क्रम ध्यानात घेतला की शिप आयलंडवरच्या एका फलकाचे राजकारण समजते.

राष्ट्रकवी आणि जतन न होणारे कागद

२०१२ मध्ये ट्रेथवे मिसिसिपी राज्याच्या आणि नंतर देशाच्या राष्ट्रकवी झाल्या. हे पद काँग्रेसच्या ग्रंथालयाचे. १९३७ पासून ‘काव्य सल्लागार’ या नावाने असलेल्या या पदाला १९८६ पासून सध्याचे नाव मिळाले. मानधन माफक, राजाज्ञेने कविता लिहिण्याची सक्ती नाही. या नव्या नावाखालचे पहिले मानकरी रॉबर्ट पेन वॉरन हे दक्षिणेचे. त्यांनी १९३० मध्ये वंशविभक्तीचे समर्थन करणारा निबंध लिहिला होता आणि पुढे १९५६ व १९६५ च्या पुस्तकांतून ती भूमिका जाहीरपणे सोडली. वॉरननंतर दक्षिणेतून आलेल्या पहिल्या राष्ट्रकवी ट्रेथवे. वॉशिंग्टनला मुक्काम करून ग्रंथालयातल्या काव्यकक्षात लोकांना भेटणे, नंतर दूरचित्रवाणी वार्ताहराबरोबर देशभर फिरून कविता कुठे कुठे वापरली जाते ते दाखवणे, असे त्यांच्या कारकिर्दीचे स्वरूप होते.

२००५ च्या कतरिना वादळाने आजीचे गल्फपोर्ट उद्ध्वस्त केले. ‘बियॉन्ड कतरिना’ (२०१०) या गद्य-पद्य पुस्तकात त्यांनी विचारले की पुनर्बांधणीत कुणाची घरे उभी राहतात आणि कुणाच्या रिकाम्या जागाही कुणाला आठवत नाहीत. आणि २०२० मध्ये आले ‘मेमोरियल ड्राइव्ह’. हे आईच्या खुनाबद्दलचे आत्मकथन एका योगायोगाने शक्य झाले. घटनेला वीस वर्षे झाल्यावर अटलांटात त्यांना एक गृहस्थ भेटले. खुनाच्या ठिकाणी सर्वांत आधी पोहोचलेले पोलीस अधिकारी तेच होते. वीस वर्षांनी अशी प्रकरणे नष्ट केली जातात, हवी असल्यास कागदपत्रे मिळवून देतो, असे त्यांनी सांगितले. त्या फायलीत आईने वहीच्या पिवळ्या कागदांवर स्वहस्ताने लिहिलेला मजकूर होता, ध्वनिमुद्रित संभाषणांच्या लेखी प्रती होत्या. ट्रेथवे यांनी संभाषणांच्या त्या प्रती आणि आईचे लिखाण पुस्तकात जसेच्या तसे छापले, मध्ये आपली एक ओळही न घालता. गुलाम शिपायाचा आवाज त्यांना कल्पावा लागला होता. आईचा आवाज मात्र दप्तरात होता, फक्त रद्दीत जाण्याच्या बेतात. म्हणून जिथे कागद मिळाला तिथे कवयित्रीने कल्पनेला बाजूला बसवले. ‘नेटिव गार्ड’बद्दलच्या शंकेचे याहून चांगले उत्तर नाही. त्यांची पद्धत कल्पनेच्या हौसेतून आलेली नव्हती. ती अभावातून आलेली होती.

आईने त्या पानांवर आपण कसे निघालो, काय बेत केला, पुढे काय करायचे आहे हे लिहिले आहे. त्या पानांमुळे ती खटल्याच्या कागदांतली ‘मयत’ उरत नाही. विचार करणारी, धाडसी, कायद्यावर विश्वास ठेवणारी बाई म्हणून आपल्यापुढे येते. कायद्याने तिला वाचवले नाही. तिचे शब्द वाचले, तेही एका माणसाने आपणहून चार पावले टाकली म्हणून.

‘मेमोरियल ड्राइव्ह’ प्रसिद्ध झाले त्याच उन्हाळ्यात, ३० जून २०२० रोजी, मिसिसिपीने १८९४ पासूनचा कॉन्फेडरेट चिन्ह असलेला राज्यध्वज कायद्याने उतरवला. २००१ च्या सार्वमतात त्याच राज्याच्या जनतेने तो मोठ्या बहुमताने राखला होता. ध्वज उतरला तो कवितेने, असे कुणी म्हणणार नाही. त्यामागे दशकांची चळवळ आणि त्या वर्षीचा रस्त्यांवरचा संताप होता. पण ध्वज उतरवल्यावर त्या काठीवर काय चढवायचे, रिकाम्या चौथऱ्यांवर कुणाची नावे कोरायची, हे ठरवायला ती नावे कुणीतरी शोधून ठेवलेली असावी लागतात. आपल्याकडेही गावोगावच्या विजयस्तंभांवर, धरणांच्या कोनशिलांवर, गिरण्यांच्या जागी उभ्या राहिलेल्या टॉवरांवर कुणाची नावे आहेत आणि कुणाची नाहीत, हे एकदा यादी करून पाहण्यासारखे आहे. कागद अजून कुठल्यातरी कचेरीत पडून असतील, त्यांना नष्ट करायची मुदत अजून संपलेली नसेल, तोवरच.